तिसऱ्या दिवसाची सूज

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजानचा बाविसावा रोजा होता. अम्मी भजी तळत होती, आम्ही तिघी बहिणी फळं चिरत बसलो होतो आणि आमचा धाकटा भाऊ, ज्याला घरात सगळे छोटूच म्हणतात, चौकातून बर्फ आणायला मोटरसायकल घेऊन निघाला. चौक घरापासून दीड किलोमीटर. हेल्मेट दारामागच्या खिळ्याला टांगलेलं. अम्मीनं स्वयंपाकघरातूनच आवाज दिला, "टोपडं घाल रे ते." तो म्हणाला, "इथल्या इथं तर जायचंय."

मगरिबची अजान झाली तेव्हा आम्ही हातात खजूर घेऊन त्याची वाट पाहत होतो. अजान संपता संपता फोन वाजला.

गतिरोधक दिसला नाही, गाडी उडाली आणि डोकं रस्त्याकडेच्या दगडावर आपटलं, एवढंच कळलं. शेजारच्यांच्या जीपमधून त्याला मिरजेला नेलं. वाटेत तो बोलत होता. "बर्फ वितळेल," असं दोनदा म्हणाला. त्याचं ते बोलणं ऐकून आम्हाला धीर आला. बोलतोय म्हणजे डोक्याला फार लागलेलं नाही, असं आम्ही धरून चाललो.

सीटी स्कॅन झाला. कपाळामागच्या भागात मेंदूला मुका मार बसला होता आणि थोडा रक्तस्राव होता. ऑपरेशनची गरज नाही, पण आयसीयूत ठेवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. पहिल्या दिवशी तो आम्हाला ओळखत होता. दुसऱ्या दिवशी हाक मारली की डोळे उघडायचा आणि पुन्हा मिटायचा. तिसऱ्या दिवशी अम्मी त्याच्या उशाशी उभी राहिली तर त्यानं तिच्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. नवीन स्कॅनमध्ये सूज वाढलेली दिसली.

त्या दिवशी आम्ही जे वागलो, ते सांगायला आज संकोच वाटतो. पण ते लपवलं तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

मामूंचा आग्रह

आमच्या घरात मेंदूचं आजारपण नवीन नव्हतं. सहा वर्षांपूर्वी मामूंच्या मुलीला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती, मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग झाला होता. तीन आठवडे ताप, डोकेदुखी, उलट्या, मग मान ताठ आणि भान हरपलेलं. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं, निदान झालं. क्षयाच्या औषधांबरोबर डॉक्टरांनी तिला डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड सुरू केलं. हळूहळू ती शुद्धीवर आली. वर्षभर औषधं घेतली आणि अल्हम्दुलिल्लाह, आता ती कॉलेजात शिकते.

मामूंच्या मनात तेव्हापासून एक हिशेब पक्का बसला होता: मेंदूला सूज आली की स्टेरॉइड द्यायचं. तिसऱ्या दिवशी ते गावाहून आले, छोटूला काचेतून पाहिलं आणि थेट डॉक्टरांच्या खोलीत गेले. "सूज उतरायचं इंजेक्शन अजून दिलं नाही? माझ्या मुलीला पहिल्याच दिवशी दिलं होतं."

डॉक्टर म्हणाले, "ते औषध मी या रुग्णाला देणार नाही."

आमच्यापैकी एक फार्मासिस्ट आहे. मेडिकल दुकानात रोज स्टेरॉइडच्या चिठ्ठ्या तिच्या हातून जातात. तिनंही मामूंची बाजू घेतली. दुसरी शाळेत विज्ञान शिकवते. सूज कमी करायला काय हरकत आहे, असं तिलाही वाटलं. तिसरी घर सांभाळते. ती नुसती रडत होती. आम्ही डॉक्टरांना नको ते बोललो. पैशासाठी मुलाला ठेवून घेतलंय, इथपर्यंत आमची जीभ घसरली. दुसऱ्या दवाखान्यात हलवायचं ठरलं. अ‍ॅम्ब्युलन्सचं भाडंही विचारून झालं.

अब्बा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. बोलणं कमीच. ते एवढंच म्हणाले, "चालत्या गाडीत ड्रायव्हर बदलायचा नसतो. आजची रात्र थांबा. आणि आधी त्यांना विचारा, का देत नाहीत. आतापर्यंत तुम्ही फक्त द्या म्हणालात."

तराविहच्या सुमारास डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. आमच्या बोलण्याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. त्यांनी एका रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूला पेनानं एक चांदणी काढली. तिच्या एका टोकाला रक्तवाहिनी आणि दुसऱ्या टोकाला मज्जापेशी. म्हणाले, "तुमच्या भावाच्या डोक्यात सध्या काय चाललंय, ते या चांदणीला विचारावं लागेल."

चांदणीसारखी पेशी

त्या पेशीचं नाव अ‍ॅस्ट्रोसाइट. मेंदू म्हटलं की आपण मज्जापेशींचाच विचार करतो, ज्या संदेश नेतात-आणतात. पण त्यांच्या मध्ये दुसऱ्याही पेशी असतात. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५६ मध्ये या सगळ्या भरावाला 'मज्जातंतूंचा डिंक' अशा अर्थाचं नाव दिलं. १८९० च्या दशकात हंगेरीचे मिहाय लेनहॉसेक यांनी त्यातल्या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या पेशींना अ‍ॅस्ट्रोसाइट म्हटलं. नाव सुंदर मिळालं, पण पुढं कितीतरी वर्षं त्यांना नुसता भरावच समजलं गेलं.

प्रत्यक्षात सगळं घर त्यांच्यावर चालतं. आपल्या पायांनी त्या रक्तवाहिन्यांना वेढून असतात आणि मज्जापेशींना इंधन पुरवतात. मज्जापेशी एकमेकींशी बोलताना ग्लुटामेट नावाचं रसायन सोडतात. ते सांडून राहिलं तर विषासारखं काम करतं, म्हणून अ‍ॅस्ट्रोसाइट ते लगेच टिपून घेतात. मेंदूतलं पाणी आणि क्षार यांचा तोल सांभाळतात. माणसाच्या मेंदूतला एक अ‍ॅस्ट्रोसाइट वीस लाखांपर्यंत मज्जासांध्यांपर्यंत पोचतो, असा अंदाज आहे. हे ऐकून अम्मी म्हणाली, "म्हणजे घरातल्या बाईसारखंच. सगळं करते आणि कुणाच्या मोजणीत नसते." त्या रात्री पहिल्यांदा कुणाच्या तरी तोंडावर थोडं हसू आलं.

मार बसला की काय होतं? फाटलेल्या पेशींतून ग्लुटामेट बाहेर लोटतं. अ‍ॅस्ट्रोसाइट ते आणि क्षार आत ओढून घ्यायला धावतात, त्याबरोबर पाणीही आत येतं आणि त्या स्वतःच फुगतात. रक्तवाहिन्यांची भिंत झिरपू लागते, तिथूनही पाणी येतं. मेंदू हाडाच्या बंद डब्यात आहे. हाताला सूज आली तर हात मोठा होतो, इथं मोठं व्हायला जागाच नाही. ही सूज मारानंतर लगेच शिखराला पोचत नाही. ती वाढत जाते आणि बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास सर्वांत जास्त असते. छोटूचं तिसऱ्या दिवशी बिघडणं ही कुणाची हयगय नव्हती. त्या माराचा तोच क्रम होता.

सूज पाण्याची असते, आणि तिच्या जोडीनं दाह सुरू होतो. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. मार लागल्यावर काही मिनिटांत त्या जाग्या होतात, मेलेल्या पेशींचा राडारोडा उचलू लागतात आणि रासायनिक हाका मारतात. अ‍ॅस्ट्रोसाइट त्या हाका ऐकून आपलं रूप पालटतात. जाड होतात, फांद्या वाढवतात आणि स्वतःही हाका मारून रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावतात. त्यानंतरच्या दिवसांत आणि आठवड्यांत त्या जखमेच्या कडेला एकमेकींत गुंतून एक कुंपण उभं करतात. आत दाह, बाहेर शाबूत मेंदू.

हे कुंपण पूर्वी वाईट समजलं जायचं. मज्जातंतू पुन्हा वाढायला तेच आड येतं, असं पुस्तकांत लिहिलेलं होतं. अमेरिकेतले शास्त्रज्ञ मायकल सोफ्रोन्यू आणि त्यांचे सहकारी यांनी उंदरांवर प्रयोग केले आणि जखमेजवळच्या याच पेशी काढून टाकल्या. तंतू वाढतील अशी अपेक्षा असेल तर झालं उलटंच. दाह जखमेपुरता राहिला नाही, आजूबाजूच्या चांगल्या भागात पसरला आणि जास्त मज्जापेशी मेल्या. २०१६ मध्ये त्यांनी पाठीच्या कण्याच्या जखमेत दाखवलं की कुंपण हटवल्यानं तंतू वाढत नाहीत. उलट त्यांच्या वाढीला ते मदतच करतं.

पण याच पेशी नेहमी भल्याच वागतात असंही नाही. २०१७ मध्ये स्टॅनफर्डचे बेन बॅरस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की चेतवलेल्या मायक्रोग्लियाकडून येणाऱ्या तीन विशिष्ट रसायनांमुळे अ‍ॅस्ट्रोसाइट नेहमीची कामं सोडतात आणि मज्जापेशींना मारणारं काहीतरी बाहेर टाकू लागतात. अल्झायमर, पार्किन्सन अशा आजारांनी गेलेल्या माणसांच्या मेंदूतही त्यांना अशा पेशी सापडल्या. मग काही वर्षं 'चांगल्या' आणि 'वाईट' अ‍ॅस्ट्रोसाइट अशी वाटणी रूढ झाली. २०२१ मध्ये अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन सांगितलं की अशी दोन खान्यांत वाटणी करू नका. इजा कोणती, जागा कोणती, दिवस कितवा, यावर त्या काय करतील हे ठरतं.

हे सगळं डॉक्टरांनी त्या रात्री सांगितलं नव्हतं. बरंचसं आम्ही नंतर वाचून समजून घेतलं. पण चांदणीवर बोट ठेवून त्यांनी मुद्द्याचं सांगितलं होतं: "दाह दिसला की तो दाबून टाकायचा, असं नसतं. तो तिथं काय करतोय, ते आधी पाहावं लागतं."

एकच औषध, दोन उत्तरं

मग त्यांनी मामूंकडे वळून दोन अभ्यास सांगितले. दोन्ही २००४ सालचे.

डोक्याच्या दुखापतीत स्टेरॉइड द्यायची पद्धत तीसेक वर्षं अनेक ठिकाणी होती. सूज कमी होईल, हा सरळ विचार. तो खरा आहे का हे पाहण्यासाठी 'क्रॅश' नावाचा मोठा अभ्यास झाला. दहा हजारांहून जास्त रुग्ण, जगभरातली रुग्णालयं. निम्म्यांना ४८ तास स्टेरॉइड, निम्म्यांना औषध नसलेलं साधं द्रावण. दोन आठवड्यांत साध्या द्रावणाच्या गटात शंभरातले सुमारे १८ दगावले आणि स्टेरॉइडच्या गटात सुमारे २१. म्हणजे ज्याला आपण मदत समजत होतो त्यानं दर शंभरात तीन माणसं जास्त गेली. अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला. मृत्यू का वाढले याचं एकच कारण सिद्ध झालेलं नाही, पण तेव्हापासून डोक्याच्या गंभीर दुखापतीत सूज उतरवण्यासाठी स्टेरॉइड देत नाहीत.

दुसरा अभ्यास व्हिएतनाममधला, मेंदूच्या आवरणाच्या क्षयरोगाचा. ५४५ रुग्ण. सगळ्यांना क्षयाची औषधं. निम्म्यांना त्याबरोबर डेक्सामेथासोन. नऊ महिन्यांत ज्यांना ते मिळालं नाही त्यांच्यातले शंभरात सुमारे ४१ दगावले, ज्यांना मिळालं त्यांच्यातले सुमारे ३२. वाचलेल्यांमधलं अपंगत्व मात्र त्यानं कमी झालं नाही.

"तुमच्या मुलीच्या मेंदूत जंतू होते," डॉक्टर मामूंना म्हणाले. "जंतूंविरुद्धचा दाह मेंदूच्या तळाशी साचत होता, पाण्याच्या वाटा बुजवत होता, रक्तवाहिन्या आवळत होता. जंतूंना मारायला औषध होतं, म्हणून दाह आवरणं फायद्याचं ठरलं. या मुलाला जंतू नाहीत, मार आहे. त्या इंजेक्शनानं तुमची मुलगी वाचली हे खरं. पण त्यावरून ते याला द्यायचं ठरत नाही."

मामू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग याला देताय तरी काय?"

तेव्हा आम्हाला कळलं की तीन दिवस त्याच्यासाठी किती काही चाललं होतं आणि आम्ही ते पाहत असूनही पाहिलं नव्हतं. पलंगाचं डोकं उंच केलेलं होतं, ते मेंदूतलं रक्त सहज उतरावं म्हणून. मॅनिटॉलची बाटली मेंदूतलं पाणी रक्तात ओढून घेण्यासाठी. झटके येऊ नयेत म्हणून औषध. रक्तातलं सोडियम वारंवार तपासणं, ताप चढू न देणं, प्राणवायू कमी पडू न देणं. एका इंजेक्शनाच्या हट्टापायी आम्ही ही सगळी मेहनत 'काहीच करत नाहीत' या तीन शब्दांत मोजली होती.

आम्ही माफी मागितली. अ‍ॅम्ब्युलन्सला नको म्हणून कळवलं.

शीरखुर्म्याचा वास

सहाव्या दिवशी छोटूनं पाणी मागितलं. ईद रुग्णालयातच झाली. आम्ही डब्यात शीरखुर्मा नेला. त्यानं दोन चमचे खाल्ले आणि चमचा ठेवून दिला. "गोड लागतंय, पण शीरखुर्म्यासारखं लागत नाही." डॉक्टरांनी तपासलं, त्याचा वास गेला होता. नाकाच्या वरच्या हाडातून वासाचे बारीक तंतू मेंदूत जातात, डोक्याला धक्का बसला की ते तुटू शकतात. आजही त्याला फार तीव्र वासच येतात. घरात गॅस सुरू राहिला तर त्याला कळत नाही, म्हणून शेगडी बंद आहे का हे पाहण्याची सवय आम्ही सगळ्यांनी लावून घेतली.

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. बाहेरून तो पूर्ण बरा दिसत होता. पण दुपारपर्यंत थकायचा, आवाज सहन व्हायचा नाही, छोट्या गोष्टीवर भडकायचा, सांगितलेलं विसरायचा. पूर्वीचा छोटू कधी अम्मीवर आवाज चढवत नसे. चौथ्या महिन्यात लोक बोलू लागले: हातपाय तर धड आहेत, कामावर का जात नाही? लाडावून ठेवलाय. घरातल्याही एकदोघांनी 'नाटक' हा शब्द वापरला.

तेव्हा त्या चांदणीचा आम्हाला उपयोग झाला. मेंदूची जखम टाके काढले की संपत नाही. डोक्याला मार बसलेल्या काही रुग्णांच्या मेंदूत अनेक वर्षांनीही दाहाच्या खुणा सापडल्या आहेत. कपाळामागचा भाग रागाला लगाम घालणारा. तिथंच मार बसला तर लगाम सैल होतो. हे समजल्यावर अम्मीचं त्याच्या बोलण्यानं दुखावणं पूर्ण थांबलं नाही, पण ती ते मनात धरून ठेवेनाशी झाली. आम्ही घरातला टीव्हीचा आवाज कमी केला, त्याच्या कामांची यादी भिंतीवर लावली आणि दुपारची झोप पक्की केली.

एक चूक मात्र आमच्याकडून पुन्हा झाली. पहिले महिने आम्ही त्याच्याभोवती कुंपणासारख्या उभ्या होतो आणि ते गरजेचं होतं. पण आठ महिने झाले तरी आम्ही हटलो नाही. त्याच्याऐवजी आम्हीच उत्तरं द्यायचो, फोन आम्हीच उचलायचो, दुकानापर्यंतही एकट्याला सोडत नव्हतो. एक दिवस तो म्हणाला, "आपा, आजारी मी होतो ना? मग माझं सगळं तुम्हीच का करता?" अब्बांनी दुसऱ्या दिवशी त्याला सोबत घेऊन त्याच्या गॅरेजमालकाची गाठ घेतली. रोज दोन तास असं काम सुरू झालं. आज तो पाच तास करतो. पूर्वीसारखा नाही, पण स्वतःच्या पायावर आहे.

आता आमच्या घरात

या दोन वर्षांत घराचे काही नियम बदलले, तेवढे वाचक भगिनी-बांधवांना सांगून थांबतो.

डोक्याला मार लागलेला माणूस बोलतोय म्हणून निश्चिंत राहू नये. उलट्या, वाढती सुस्ती, झटका, एक बाहुली मोठी दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखं गळणं, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करून लगेच रुग्णालय गाठावं. पहिले काही दिवस सूज वाढू शकते, हे आधीच समजून घ्यावं म्हणजे तिसऱ्या दिवशी डॉक्टरांवर तुटून पडायची वेळ येत नाही.

स्टेरॉइड हे फार मोलाचं औषध आहे आणि म्हणूनच ते नात्यातल्या कुणाला लागू पडलं म्हणून दुसऱ्याला घेऊ नये. जे डॉक्टरांच्या सल्ल्यानं ते घेत आहेत त्यांनी मनानं एकदम बंदही करू नये. आमची फार्मासिस्ट बहीण आता दुकानात 'सूज उतरायची गोळी द्या' म्हणणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारते, सूज कशाची?

आणि हेल्मेट. दारामागचा तो खिळा अब्बांनी उपटून टाकला. हेल्मेट आता मोटरसायकलच्या आरशालाच अडकवलेलं असतं. ते काढल्याशिवाय गाडी हाकता येत नाही. गेल्या रमजानमध्ये मगरिबला दहा मिनिटं उरली असताना घरात बर्फ नव्हता. अम्मी म्हणाली, "राहू दे. आज साध्या पाण्यानं रोजा सोडू."